ज्याचं सामान, तो खाली

कपाटाचा खालचा कोपरा श्रीपादने दोन्ही हातांनी धरून जेमतेम बोटभर उचलला, आणि त्याचा डावा हात उघडला. त्याने उघडला नाही, हाताने आपलं आपण ठरवलं. दुखलं नाही, कळ आली नाही, मुंग्यासुद्धा आल्या नाहीत. बोटं मिटलेली होती ती सुटली, एवढंच. कोपरा दाणकन फळ्यांच्या जमिनीवर बसला, आणि खालच्या खोलीतून विमलाबाईंनी वर तोंड करून विचारलं, "अहो मास्तर, कपाट जिन्याने नेणार आहात ना? का आमच्या डोक्यावरून?" श्रीपाद हसला. "जिन्यानेच, जिन्यानेच," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याला बरं वाटलं. आतल्या खोलीत उत्तरा पोह्यांसाठी कांदे चिरत होती. तिची विळी क्षणभर थांबली आणि परत चालू झाली.

माघातला रविवार होता. गॅलरीतून गार वारा येत होता आणि रिकाम्या होत आलेल्या खोलीत तो नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरत होता. हेमा, त्यांची मुलगी, आदल्या दिवशीच आत्याबरोबर देव आणि पाण्याची भांडी घेऊन डोंबिवलीला गेली होती. तिथे त्यांचं दोन खोल्यांचं घर उभं राहिलं होतं. भोवती अजून भातखाचरं होती, विजेचा खांब यायचा होता, विहिरीचं पाणी जरा मचूळ होतं, पण घर स्वतःचं होतं. आता ठाण्यातून जायचं राहिलं होतं ते मोठं सामान, आणि मोठ्या सामानात खरं सामान म्हणजे हे कपाट. श्रीपादने हात डोळ्यांसमोर धरला. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसाचा असतो तसा हात होता, नखांच्या कडेला शाई, तळव्याला खडूचा कोरडेपणा. त्याने मूठ मिटली, ती मिटली. उघडली, ती उघडली. सांगितलेलं सगळं तो मुकाट्याने करत होता, आणि म्हणूनच त्याचा राग येत होता. इन्स्पेक्टर वर्गात आले की एकदम शहाणी होणारी मुलं असतात, तसला तो हात होता.

पहिल्यांदा हे झालं ते गणपती उठल्यानंतरच्या आठवड्यात, सातवीच्या वर्गात. लांब लाकडी पट्टी डाव्या हाताने फळ्यावर दाबून तो रेघ ओढत होता. पट्टी निसटली आणि सरळ रेघेला शेपूट फुटलं. मुलं हसली, तोही हसला, आणि ओल्या फडक्याने त्याने रेघ पुसून टाकली. मग छत्री सुटली. मग चहाची बशी. मग मोरीतली बादली. दर वेळी काही ना काही कारण सापडलं. हात ओला होता, कडी गुळगुळीत होती, लक्ष नव्हतं. कारणं संपली तेव्हा त्याने हळूहळू सगळं उजव्या हाताकडे दिलं आणि डावा खिशात घालून चालायला लागला. शेजारचे त्र्यंबकराव त्याला म्हणाले होते, "अलीकडे चाल साहेबी झाली रे तुझी, श्रीपाद. डोंबिवलीला बंगला होतोय म्हणून का?" तो त्यावरही हसला होता. गेले काही महिने तो फार हसत होता, हे त्याच्या आत्ता लक्षात आलं. डॉक्टरांकडे तो गेला नव्हता. उत्तराला सांगितलं नव्हतं. सांगितलं की ते खरं होईल, अशी काहीतरी पोरकट समजूत त्याच्या मनात घर करून बसली होती, आणि ती पोरकट आहे हे माहीत असून तिला हाकलता येत नव्हतं.

भागवत चाळीत बिऱ्हाड हलवायला हमाल लावत नसत. ठाणे स्टेशनबाहेर हमालांना तोटा नव्हता, आणि चाळीतली माणसं चिकट होती हे खरं असलं तरी कारण ते नव्हतं. चाळ सोडून जाणाऱ्याचं सामान चाळीनेच उतरवायचं, मग गॅलरीत बसून त्याच्या घरचे पोहे खायचे, आणि मग त्याला निरोप द्यायचा, असा रिवाज होता. नळावरून वर्षभर अबोला धरलेली माणसंसुद्धा त्या दिवशी पलंगाच्या दोन टोकांना उभी राहत. पण रिवाजात एक खोट होती. स्वातंत्र्य मिळालं त्याच वर्षी कोपऱ्यातल्या खोलीतले वैशंपायन पुण्याला निघाले. त्यांची लोखंडी पेटी जिन्यावरून उतरत होती, खाली चाळीतले चौघे, आणि वैशंपायन स्वतः वर गॅलरीत, सदऱ्याला इस्त्री, "अरे डावीकडे! अरे जपून, रंग जाईल!" असं ओरडत. पेटी घसरली ती त्र्यंबकरावांच्या पावलावर. पेटीचा रंग गेला नाही. त्र्यंबकराव तेव्हापासून लंगडतात. त्या संध्याकाळी नळापाशी सगळे जमलेले असताना श्रीपाद बोलला होता. एरवी तो चारचौघांत बोलणारा नव्हता, पण त्या दिवशी रागाने त्याचे कान तापले होते. तो म्हणाला, "यापुढे ज्याचं सामान, तो खाली. वर उभं राहून हुकूम सोडायचे नाहीत. पडलं तर पहिलं मालकावर पडलं पाहिजे. मग बघू कोण कसं जपतं ते."

नियम ताबडतोब लागू झाला आणि श्रीपाद त्याचा रखवालदार झाला. आपोआपच तो बिऱ्हाडं हलवण्यातलाही वाकबगार ठरला. कोणी निघालं की आदल्या दिवशी त्याला बोलावणं येई. तो कप्पे काढायला लावायचा, दारं सुंभाने बांधायला लावायचा, आरसा असला तर तो वेगळा काढून गादीत गुंडाळायचा. जिन्याच्या पायऱ्यांवर दोन लांब फळ्या टाकायच्या, सामानाखाली गोधडी घालायची म्हणजे ते सरकतं आणि खरचटत नाही. दोराचे दोन वेढे जिन्याच्या तोंडाशी असलेल्या खांबाला द्यायचे; ओझं खांब धरतो, माणसांनी फक्त दोर थोडा थोडा सोडायचा. वाकायचं ते गुडघ्यातून, कमरेतून नाही. आणि बोलणारा एकच. सगळ्यांनी सूचना द्यायला लागलं की सामान पडतं. खाली उभा राहिलेला मालक हाच बोलणारा, कारण पाय त्याचे असतात. एकदा एका भाडेकरूने "माझ्याऐवजी मेव्हणा उभा राहील, तो पैलवान आहे," असं सुचवलं, तेव्हा श्रीपादने त्याला विचारलं होतं, "सामान मेव्हण्याचं आहे का?" हे वाक्य चाळीत पुढे बरेच दिवस चाललं. कोणी कोणाची छत्री मागितली तरी लोक म्हणत, मेव्हण्याची आहे का?

उचलायचं कसं हे त्याला कोणी शिकवलं, असं मात्र कधी कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्याने सांगितलं नसतं. कल्याणच्या घरात, तो कॉलेजात नुकता जायला लागला होता तेव्हा, वडिलांची डावी बाजू गेली. वडील धिप्पाड होते, आवाजानेसुद्धा. घरात तो आणि आई, दोघंच. पहिले काही दिवस ते वडिलांना काखेत धरून ओढत. वडील कण्हत, आईची कंबर धरायची, आणि ओढताना त्यांचं धोतर सुटलं की तिघंही एकमेकांकडे बघायचं टाळत. मग जमत गेलं. अंगाखाली दुहेरी चादर घालायची, तिच्या कडा गुंडाळून मुठीत घट्ट धरायच्या, गुडघे वाकवायचे, एकमेकांच्या डोळ्यांत बघायचं, आणि एकाने "हां" म्हणायचं. मग वडील अलगद कुशीवर वळत. घरातलं सगळ्यात जड सामान म्हणजे वडील आहेत, असं त्याच्या मनात एकदा येऊन गेलं होतं आणि त्या विचाराची त्याला इतकी शरम वाटली होती की त्या दिवशी तो जेवला नव्हता. वडील छताकडे बघत पडून असत. त्यांना वळवताना त्यांच्या उजव्या डोळ्यात जे दिसे ते श्रीपादने पुढे कोणाच्याच डोळ्यांत पाहिलं नाही. तो राग नव्हता. आपण उचलले जातोय हे त्यांना कळत होतं, एवढंच त्या डोळ्यात होतं. पुढे पलंग असो, पाण्याचा बंब असो, लोकांची शिसवी टेबलं असोत, काहीही उचलताना "हां" म्हणायच्या आधी श्रीपादच्या मुठींना ती चादर आठवायची. मरणाची त्याला तशी भीती वाटत नव्हती. पण आपल्याला कोणीतरी कुशीवर वळवतंय, आणि ते वळवणारं माणूस उत्तरा आहे, हे चित्र त्याला सोसत नव्हतं. गेले काही महिने ते रोज पहाटे, दूधवाला यायच्या सुमाराला, न चुकता समोर येऊन उभं राहत होतं.

"मास्तर, आलो का वर?" विश्राम जिन्यावरून ओरडला आणि होकाराची वाट न बघता आलाच. तो रेल्वेत होता, तालमीत जायचा, आणि त्याचं लग्न होऊन अजून वर्ष झालं नव्हतं, त्यामुळे हल्ली तो सगळीच कामं धावत करायचा. त्याच्यामागून आनंदा आला, गिरणीतला फिटर, फारसा न बोलणारा. शेवटी त्र्यंबकराव, एक एक पायरी चढत, दोराचं भेंडोळं गळ्यात घालून. "वऱ्हाड आलं," त्र्यंबकराव म्हणाले. "वधू कुठंय? हां, ही इथं. अरे, हिला बांधलंस नीट? हिचं पोट रिकामं केलंस?" श्रीपादने कपाटावर हात ठेवला, उजवा. कप्पे निघाले होते, दारं बांधून झाली होती. वरच्या एका कप्प्यात उत्तराच्या साड्या असत आणि बाकी सगळ्या कपाटात त्याच्या कागदांच्या गुंडाळ्या, रंगाच्या पेट्या, मोडक्या छत्र्यांच्या काड्या. त्यामुळे चाळीत त्याला मास्तरांचं कपाट म्हणत, आणि तोही तसंच म्हणायचा. खरं तर ते उत्तराच्या वडिलांनी लग्नात दिलेलं, अलिबागच्या सुताराकडून करून घेतलेलं. ते याच जिन्याने वर आलं तेव्हा त्याने एका दमात ढकलून चढवलं होतं आणि दारात उभी असलेली नवी नवरी तोंडाला पदर लावून बघत होती. त्या बघण्यासाठी तो तेव्हा अशी आणखी चार कपाटं चढवायला तयार होता.

ते आडवं करताना काही झालं नाही. माणसं चार होती, आणि डाव्या हाताने फक्त टेकू द्यायचा होता. गोधडीवरून सरकवत त्यांनी ते गॅलरीतून जिन्याच्या तोंडाशी आणलं. शेजारणी दारांत उभ्या राहिल्या. खाली बैलगाडी लागली होती आणि गाडीपाशी कोलशेतचा भिवा विडी ओढत होता. भिवाची मिठागरांवर फिरणारी होडी कोलशेतच्या बंदरात उभी होती. शिळफाट्याच्या रस्त्याने ट्रक नेला असता तर खड्ड्यांनी कपाटाचे सांधे खिळखिळे झाले असते. पाणी धक्का देत नाही, असा श्रीपादचा हिशेब होता. भिवाचा मुलगा त्याच्या शाळेतून शिकून गेला होता, त्यामुळे भिवा एका शब्दावर तयार झाला. आता मात्र तो वर बघून म्हणाला, "मास्तर, पानी चराया लागलंय. भरती गेली का होरी गालान रुतल. बिगी करा!" पाणी चढतं आहे तोवरच, भरतीवर, होडी खाडीतून वर डोंबिवलीकडे जाणार होती, तेव्हा थांबायला सवड नव्हती. त्र्यंबकरावांनी दोराचं एक टोक कपाटाला बांधलं, दोन वेढे खांबाला दिले आणि दुसरं टोक आनंदाबरोबर हातात धरलं. विश्राम धडधडत उतरून जिन्याच्या वळणावर जाऊन उभा राहिला. मग सगळे श्रीपादकडे बघायला लागले. त्यात काही विशेष नव्हतं. त्याने खाली जायची वेळ झाली होती.

तो कपाटाच्या बाजूने अंग चोरून उतरला आणि चार पायऱ्या खाली, वर तोंड करून उभा राहिला. कपाटाची खालची कड त्याच्या छातीशी होती. इथून वरचं काही दिसत नसे. शिसवाची काळी पाठ आणि तिच्या वर त्र्यंबकरावांच्या टोपीचं टोक. वळणापर्यंत ओझं खांबावर असतं. वळणावर मात्र दोराचा काही उपयोग नसे. तिथे कपाट फिरवायला क्षणभर दोर ढिला सोडावा लागे, आणि तेवढा वेळ सगळा तोल खालच्या माणसाच्या दोन हातांत असे. दोन हातांत. त्याच्या मागे, खाली, वळणावर, विश्राम उभा होता. त्याची नवी बायको समोरच्या गॅलरीच्या कठड्याला टेकून कौतुकाने बघत होती. श्रीपादने दोन्ही हात कडेखाली घातले. डावा हात व्यवस्थित बसला. कदाचित आज तो वागेल, त्याच्या मनात आलं. सकाळचं झालं ते झालं, एका दिवसात दोनदा असं सहसा होत नाही. सहसा. आणि झालंच तर आपण छाती लावू. छाती लावून कपाट थांबत नाही हे त्यानेच आजवर सगळ्यांना सांगितलं होतं. पण आपण खाली गेलोच नाही तर? वर, गॅलरीत, इस्त्रीच्या सदऱ्यात? त्याला वैशंपायनांचा आवाज लख्ख ऐकू आला, आणि त्या आवाजापेक्षा कपाट अंगावर आलेलं परवडेल असं त्याला खरोखर वाटलं. एवढा एकच जिना. मग बैलगाडी, मग पाणी, मग डोंबिवली. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं, तिथे तो काही न उचलणारा माणूस म्हणून सुरुवात करू शकला असता.

"हां," तो म्हणाला.

दोर करकरला. कपाट एक पायरी खाली आलं. मग आणखी एक. फळ्यांवरून गोधडी नीट सरकत होती. तो मागे पाऊल टाकत होता, टाच टेकवून, मग अंगठा, तो सगळ्यांना शिकवायचा तसं. "हां. थोडं. हां." कपाटाला अजून त्याच्या कागदांचा आणि डिंकाचा वास होता. मग त्याला जाणवलं की डाव्या तळव्याला लाकडाचा गारवा लागत नाहीये. हात तिथे होता, दिसत होता, पण तिथून काही येत नव्हतं. त्याने बोटांकडे पाहिलं. करंगळी सुटली होती. मागून विश्राम म्हणाला, "या मास्तर, या, वळणाला दोनच पायऱ्या. मी धरतो या बाजूने," आणि त्या पोराचा आवाज इतका जवळ होता, इतका निर्धास्त होता, की श्रीपादच्या डोक्यातली सगळी वैशंपायनी बडबड एकदम बंद झाली.

"थांबा," तो म्हणाला. "दोर बांधा. खांबाला बांधून टाका."

"काय झालं रे?" वरून त्र्यंबकराव.

"बांधलात?"

"बांधला."

"मला धरता येत नाही," श्रीपाद म्हणाला. एवढ्यावर वाक्य संपलं असतं तर लोकांनी घाम, थकवा, काहीतरी समजून घेतलं असतं. पण तोंड उघडलंच होतं तर त्याने पुरतं सांगून टाकलं, कपाटाच्या काळ्या पाठीला उद्देशून, जरा मोठ्याने. "माझा डावा हात सुटतो. अधूनमधून. बरेच महिने झाले. आज सकाळी सुटला, आणि आत्ताही सुटतोय. वळणावर मी उभा राहिलो तर कपाट विश्रामवर जाईल."

खाली बैलाने मान हलवली, तेवढी घुंगरं वाजली. श्रीपाद कपाटाखालून बाजूला सरकला आणि कठड्याला टेकून उभा राहिला. शरमेने मरून जाऊ असं त्याला वाटलं होतं, पण तसं काही झालं नाही. नुसतं रिकामं वाटत होतं, खोलीसारखं. विश्राम पुढे झाला. "त्यात काय, मी येतो ना तुमच्या जागी," तो म्हणाला. आणि वरून त्र्यंबकराव सवयीने बोलून गेले, "सामान तुझं आहे का रे?" बोलल्याबरोबर त्यांनी जीभ चावली. "नाही, म्हणजे श्रीपाद, आजच्या दिवस... अरे, नियम काय, आपणच केलेला." नियम श्रीपादचाच होता आणि तो चुकीचा आहे असं त्याला या घटकेलासुद्धा वाटत नव्हतं.

"सामान माझं आहे," उत्तरा म्हणाली.

ती जिन्याच्या तोंडाशी आली होती. डोळे लाल होते, कांद्याने असणार. तिने पदर कमरेला खोचला होता आणि नऊवारीचा काष्टा हाताने एकदा घट्ट ओढून पाहत होती. "माझ्या वडिलांनी मला दिलेलं कपाट आहे. मग खाली मी नको का?" हे तिने कोणाशी वाद घालायला म्हटलं नव्हतं, दुधात किती पाणी घालतोस रे, असं ती गवळ्याला विचारायची त्याच सुरात विचारलं होतं. समोरच्या गॅलरीतून कोणीतरी "अगंबाई," म्हणालं. विमलाबाई खालून म्हणाल्या, "उत्तराबाई, अहो, हे काय बायकांचं काम?" "विहिरीचं पाणी काय पुरुष काढतात का हो?" उत्तरा म्हणाली आणि उतरायला लागली. जिना अरुंद होता. कपाटाच्या बाजूने येताना ती श्रीपादला घासून गेली, आणि जाता जाता, फक्त त्याला ऐकू जाईल एवढंच बोलली, "वर जा. बोलणारा एकच पाहिजे ना? तुम्ही बोला."

तो वर गेला. त्या पायऱ्या चढताना सगळ्यांच्या नजरा अंगावर घेऊन तो गॅलरीत, जिन्याच्या तोंडाशी, बरोबर वैशंपायन उभे राहिले होते तिथे जाऊन उभा राहिला. इथून सगळं दिसत होतं. त्याने आजवर हा जिना सामान उतरताना वरून कधी पाहिलाच नव्हता. खाली उत्तराचे दोन हात कपाटाच्या कडेला दिसत होते, हिरव्या बांगड्या मनगटावर मागे सारलेल्या, आणि तिचा भांग. तिचे केस मधोमध बरेच पांढरे झाले होते. हे कधी झालं? "गुडघ्यातून वाक," तो म्हणाला. "पाठ ताठ ठेव. टाच आधी टेकव." "टेकवली." "त्र्यंबकराव, सोडा. थोडं. हां." कपाट सरकलं. "हां. अजून एक पायरी. विश्राम, डावा हात वरच्या कडेला घे." ती वळणावर पोचली. आता दोर ढिला सोडायचा होता. त्र्यंबकराव त्याच्याकडे बघत होते, आनंदा बघत होता. त्याने "सोडा" म्हणायला तोंड उघडलं आणि शब्द आला नाही. समोरचं सगळं पाण्यात हलत होतं. त्याला रडायचं नव्हतं. रडायला फुरसत नव्हती. सगळं थांबून राहिलं होतं, चार माणसं, दोर, आणि तिच्या दोन हातांत ते एवढं मोठं कपाट.

"अहो, बोला," खालून उत्तराचा आवाज आला. दम लागलेला होता, पण त्यात घाबरेपणा नव्हता. "तुम्ही बोलल्याशिवाय पाऊल कुठं टाकू मी? मला मागचं काय दिसतंय?"

"सोडा," तो म्हणाला. आवाज फाटला, पण निघाला. "विश्राम, फिरव. उत्तरा, उजवा पाय मागे. अजून. अजून थोडा, घाबरू नकोस, पायरी आहे तिथं. आता वजन येईल. आलं? धर. हां, फिरतंय, फिरतंय, भिंतीला लागत नाही, येऊ दे. हां. त्र्यंबकराव, दोर खेचा!" दोर ताठ झाला. कपाट वळलं. गॅलऱ्यांतून एकदम सगळे बोलायला लागले. उरलेल्या पायऱ्या त्याला नीट आठवत नाहीत; तो बोलत राहिला होता एवढं नक्की, कारण खाली पोचेपर्यंत त्याचा घसा कोरडा पडला होता.

सगळ्यांनी मिळून कपाट गाडीवर चढवलं, पोहे झाले, चहा झाला. हाताबद्दल कोणी विषय काढला नाही. फक्त पोह्यांची बशी देताना विश्रामने ती त्याच्या उजव्या बाजूने पुढे केली आणि त्र्यंबकराव आनंदाला उगाचच भुसावळच्या केळ्यांबद्दल सांगत राहिले. श्रीपादला ते सगळे फार आवडत होते आणि आता लवकर निघावं असंही वाटत होतं. शेवटी खोली बंद करून, किल्ली खाली विमलाबाईंकडे देऊन तो बाहेर आला तेव्हा उत्तरा गाडीत, कपाटाला टेकून बसलेली होती. तिचे तळवे मांडीवर उताणे होते, लाल झालेले. भिवा बैल जुंपत होता. श्रीपाद गाडीच्या चाकापाशी उभा राहिला.

"तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"आषाढात."

"आषाढात?" पट्टी निसटली ती गणपतीनंतर. "तेव्हा तर मलाच ठाऊक नव्हतं."

"झोपेत तुम्ही माझा हात धरता," ती म्हणाली. तिने इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "इतकी वर्षं धरता. आषाढात एकदा सुटला. मग रोजच सुटायला लागला. तुम्ही झोपेत असायचात."

आपण झोपेत तिचा हात धरतो, हे श्रीपादला ठाऊक नव्हतं. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते."

भिवाने कासरा हातात घेतला. "मास्तर, बसा आता. पानी थांबाचं नाय कोनाकरता." त्र्यंबकराव, विश्राम, आनंदा, सगळे दारात उभे होते. उत्तरा पुढे वाकली आणि त्याला चढायला तिने हात दिला. श्रीपादने आपला डावा हात खिशातून काढला आणि सगळ्यांच्या देखत तिच्या हातात दिला. तिने तो मनगटाच्या जरा वर, घट्ट धरला, आणि "हां," म्हणाली.